हुकूम बंद की कट? खेळाची नवी आवृत्ती आली की आपण नेमकं कशावर भांडतो

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या आजोळी, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, दुपारची जेवणं उरकली की ओट्यावर सतरंजी पडते आणि पत्ते निघतात. माहेरी आलेल्या लेकीबाळींचे झोके लिंबाला बांधलेले असतात, त्यांची गाणी चालू असतात. इकडे मात्र पहिलं पान पडायच्या आधी दरवर्षी तोच वाद: हुकूम बंद की कट?

मेंढीकोट खेळणाऱ्याला हे सांगायला नको. बंद हुकमात एक जण आपलं एक पान पालथं ठेवतो आणि कोणाकडे उतारीचं, म्हणजे त्या हाताला आधी पडलेल्या रंगाचं, पान नसलं की ते उघडतं. कट हुकमात आधी काहीच ठरलेलं नसतं. ज्याच्याकडे उतारीचं पान नाही तो जे पान टाकेल त्याचा हुकूम. पत्ते तेच बावन्न, चार दहिले तेच, बसणारी माणसंही तीच. पण बंद हुकमात थोरले मामा जिंकतात, कारण कोणाकडून काय गेलं हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. कट हुकमात धाकटे मामा भारी पडतात, कारण त्यांची छाती मोठी आहे. एक नियम बदलला की कोणत्या गुणाला किंमत येते हेच बदलतं. त्यासाठी दोन सख्खे भाऊ आखाजीच्या दिवशी अर्धा तास तणतणतात आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

जळगावात आमची रविवारची एक बैठक आहे. तिथे पत्त्यांच्या जागी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ असतो. २०२४ मध्ये त्याचं सुधारित नियमपुस्तक आलं आणि तेव्हापासून आमच्याकडेही बंद की कट चालू आहे. हा खेळ कधीच न खेळलेल्यांना हे भांडण समजावं आणि खेळणाऱ्यांना आपण कशावर भांडतोय ते नीट दिसावं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी खेळ. चार-पाच जण गोल बसतात. प्रत्येकाचं एक पात्र: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे. मी सांगतो, “घाटाच्या वळणावर बैलगाडी आडवी पडली आहे, गाडीवान दिसत नाही.” तुम्ही सांगता की तुमचं पात्र काय करतं. ते सहज होण्यासारखं असेल तर होतं. जमेल की नाही अशी शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा बोनस मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठला तर जमलं. बाकीची शेकडो पानं म्हणजे या एका गोष्टीचा विस्तार. सोंगट्या घरी नेण्याची शर्यत इथे नाही. सगळे मिळून एक गोष्ट घडवतात आणि ती पुढे कुठे जाईल हे फासा ठरवतो, त्यामुळे आपल्या पात्रावर माणसाचा जीव जडतो. नियम बदलला की त्या पात्राचं अंग बदलतं.

हा खेळ १९७४ चा. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो केला. त्यानंतर आवृत्त्या येत गेल्या आणि जवळजवळ प्रत्येक आवृत्तीबरोबर भांडणं आली. त्यातलं एक मला फार बोधक वाटतं, म्हणून जरा गणित करू.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘थॅको’ नावाचा आकडा होता: समोरच्याचं चिलखत शून्य असेल तर वार लागायला फाशावर किती पडायला हवेत तो. चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं चिलखत चांगलं. तो शून्याखालीही जायचा. तुमचा थॅको १७ आणि समोरच्याचं चिलखत ४ असेल तर १७ वजा ४, म्हणजे फाशावर १३ किंवा जास्त पडायला हवेत. चिलखत उणे २ असेल तर १७ वजा उणे २, म्हणजे १९. रात्री अकराला पेंगुळलेल्या माणसाला उण्यातून उणे वजा करायला लावणं म्हणजे शिक्षाच. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि सगळं सुलट केलं. चिलखत जितकं चांगलं तितका आकडा मोठा. आता तुमचा बोनस ३, समोरचं चिलखत १६. फासा टाका, ३ मिळवा, १६ गाठा. म्हणजे पुन्हा फाशावर १३ च हवेत. वीसपैकी आठ बाजू कामाच्या, शक्यता ४० टक्के, आधीही आणि नंतरही. कोणाच्या तलवारीची धार तसूभरही कमी झाली नव्हती. तरी जुन्या खेळाडूंना वाटलं, आपलं काहीतरी हिरावलं. वर्षानुवर्षं तोंडपाठ केलेला हिशेब एका दिवसात निकामी झाला, आणि नवा पोरगा पहिल्याच दिवशी तेवढ्याच वेगाने बेरीज करू लागला. मला या माणसांचं दुःख खोटं वाटत नाही. पण ते दुःख सवयीचं होतं, आणि भांडताना त्याला ‘खेळ बिघडला’ असं नाव दिलं गेलं.

२०१४ ची पाचवी आवृत्ती मात्र खरोखर शक्यता बदलणारी होती. आधीच्या काळात उंचावर उभे आहात, अधिक १. शत्रू आडवा पडलाय, आणखी काही. मित्राने मंत्र म्हटलाय, अजून काही, अशी किराण्याच्या यादीसारखी बेरीज चालायची. पाचव्या आवृत्तीने यातलं बरंचसं काढलं आणि सांगितलं: परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर दोन फासे टाका आणि मोठा आकडा धरा. याला ॲडव्हांटेज म्हणतात. उलट परिस्थिती असेल तर दोन टाकून लहान धरा.

याचा फायदा किती? समजा ११ किंवा जास्त हवेत. एका फाशाने शक्यता ५० टक्के. दोन्ही फासे चुकण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे २५. तर एक तरी लागण्याची ७५. पूर्ण २५ टक्क्यांची उडी. पण फक्त २० च हवे असतील तर ५ टक्क्यांवरून ९.७५. आणि २ पुरत असतील तर ९५ वरून ९९.७५. म्हणजे मधल्या, अधांतरी परिस्थितीत हा नियम सगळ्यात जास्त हात देतो. आधीच सोपं किंवा आधीच अशक्य असेल तिथे थोडकाच. गोष्ट रंगते तीही अधांतरी असतानाच, म्हणून हा नियम मला आजवरच्या सगळ्या बदलांत उत्तम वाटतो. शिवाय माझ्या आतेभावासारखा, दिवसभर डाळ मिलमध्ये हिशेब करून आलेला माणूस रविवारी दोन फासे आनंदाने टाकतो, बेरजेची यादी नाही.

मधल्या चौथ्या आवृत्तीबद्दल थोडक्यात. २००८ साली ती आली. सगळ्या पात्रांच्या करामती एकाच साच्यात बसवल्या: काही हव्या तेव्हा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. तोल उत्तम साधला, पण योद्धा आणि जादूगार खेळताना सारखेच लागतात अशी तक्रार झाली. तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली होते, त्यांच्या आधारावर २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा वेगळा खेळ आला आणि बरेच लोक तिकडे गेले. नियम खुले असले की नाराज माणसाला आपली चूल वेगळी मांडता येते.

आता २०२४ आणि आमची बैठक. प्रकाशकांनी याला सहावी आवृत्ती म्हटलेलं नाही. पाचव्याच आवृत्तीची सुधारणा, जुन्या मोहिमा यातही चालतील, असं सांगितलं. त्यामुळेच गोंधळ वाढला. आमच्यात दोघांकडे जुनं पुस्तक, एकाकडे नवं, आणि बाकीच्यांचं काम खुल्या परवान्याखाली फुकट मिळणाऱ्या मूळ नियमांवर. एकाच सतरंजीवर दोन राज्यघटना चालू असल्यासारखं झालं.

पहिली ठिणगी पॅलाडिनवरून पडली. पॅलाडिन म्हणजे शपथ घेतलेला योद्धा. त्याची ओळख म्हणजे ‘डिव्हाइन स्माइट’: तलवार लागली की जादूचा एक साठा खर्च करून त्याच वारात दैवी तेज ओतायचं. आमचा पॅलाडिन भुसावळचा, रेल्वेत नोकरीला. जुन्या नियमात वार लागेल तितक्या वेळा स्माइट करता यायचा. पाचव्या लेव्हलला, म्हणजे पात्र खेळता खेळता पाचव्या पायरीला पोचलं की, एका पाळीत दोन वार मिळतात, म्हणजे दोन स्माइट. त्याची एक पाळी आमच्या बैठकीत अजून सांगितली जाते. लळिंगच्या किल्ल्यावरून मी रचलेला एक गड होता, दरवाज्यात एक अजस्र राक्षस. पहिला वार लागला, वरच्या दर्जाचा साठा टाकला: आठ बाजूंचे तीन फासे. दुसऱ्या वाराला फाशावर वीस! वीसला फासे दुप्पट, म्हणजे सहा. एकूण नऊ फासे झाले आणि आमच्याकडे आठ बाजूंचे चारच. तो चार टाकायचा, कोणीतरी आकडा बोटांवर धरायचा, पुन्हा तेच उचलून टाकायचा. आम्ही फासे पितळी परातीत टाकतो. त्या आवाजाने आतून आई बाहेर आली, काय पडलं ते बघायला. राक्षस कोसळला.

नव्या नियमात स्माइट हा मंत्र झाला आणि त्याला बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली जास्तीची छोटी कृती, लागते. बोनस ॲक्शन पाळीत एकच, म्हणून स्माइटही पाळीत एकच. शिवाय हात ठेवून जखम भरण्याची पॅलाडिनची विद्याही आता बोनस ॲक्शनच मागते, तेव्हा एका पाळीत एकतर जाळा किंवा जगवा. बदल्यात दिवसातून एक स्माइट फुकट.

आमचा मित्र म्हणाला, “हाई काय शे भो? माझं पात्र लंगडं केलं.”

आतेभावाने लगेच वहीत हिशेब मांडला. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी साडेचार. पाचव्या लेव्हलला पॅलाडिनकडे खालच्या दर्जाचे चार साठे, वरच्या दर्जाचे दोन. खालच्याचे दोन फासे, सरासरी ९. वरच्याचे तीन, साडेतेरा. सगळे साठे स्माइटवर उडवले तर दिवसाचे ३६ अधिक २७, म्हणजे ६३. नव्यात वर एक फुकटचा, ९. झाले ७२. म्हणजे दिवसाचा एकूण मार वाढला! घटला तो एका पाळीतला: वरचे दोन्ही साठे एकदम टाकले की जुन्यात सरासरी २७, नव्यात साडेतेरा. केळीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर विहिरीचं पाणी वाढलं आणि मोटर लहान बसवली.

आतेभावाला वाटलं वाद मिटला. मिटला नाही, आणि का मिटला नाही हे समजायला मला दोन आठवडे लागले. जुन्या आवृत्तीच्या डीएमच्या पुस्तकात पात्रांच्या एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरलेल्या आहेत. इतक्या चकमकींत साठा पुरवून वापरावा लागतो, आणि मग एका पाळीत दोन स्माइट उडवणं हा धाडसी जुगार असतो. आमच्या तीन तासांत चकमकी होतात एक किंवा दोन. पुरवायचं काहीच नसतं, म्हणून पॅलाडिन पहिल्याच पाळीत सगळं ओतून मोकळा होतो आणि चोर, जादूगार हात चोळत बसतात. नवा नियम हेच थांबवतो. डीएम म्हणून मला तो पटतो.

पण मित्राचं म्हणणं वेगळंच होतं. “महिन्यातले दोन रविवार माझी ड्युटी असते. येतो त्या दिवशी एकदा तरी परात वाजली पाहिजे.” दिवसाच्या सरासरीचा त्याला काय उपयोग? त्याला हवी होती एक पाळी, जी पुढच्या ड्युटीत रात्री आठवेल. सरासरी आणि आठवण यांची मापं वेगळी आहेत, आणि नियमांवरची निम्मी भांडणं एकाने वजन सांगायचं आणि दुसऱ्याने लांबी, अशी चालतात. शेवटी आम्ही नवा नियम घेतला आणि एक घरची ओळ जोडली: ज्या वाराला फाशावर वीस पडले, त्या वाराचा स्माइट बोनस ॲक्शन खाणार नाही. तेव्हापासून तो वीस एकदाच पडला आहे. परात वाजली.

थकव्याच्या नियमावर फारसा वाद झाला नाही. आधी सहा पायऱ्या, प्रत्येकीचा त्रास वेगळा, दर वेळी पुस्तक उघडा. आता प्रत्येक पायरीला फाशातून २ वजा आणि चाल पाच फुटांनी कमी. सहाव्या पायरीला मृत्यू आधीसारखाच. मे महिन्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, आम्ही वाळवंट पार करत होतो तेव्हा हा सोपा नियम आपोआप रुळला.

खरा विषय निघाला तो पात्र तयार करण्यावरून, आणि तो मला अजून सोडत नाही.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची हातोटी. २०१४ च्या पुस्तकात या गुणांची वाढ तुमच्या वंशावरून ठरायची. ठेंगू खाणकरी ड्वार्फ असाल तर काटकपणा अधिक २, अर्धा ऑर्क असाल तर ताकद अधिक २. म्हणजे जन्मावरून गुण. २०२० च्या एका पुरवणी पुस्तकाने ही वाढ हवी तिथे हलवायची मुभा दिली. २०२४ मध्ये ती वंशाकडून काढूनच घेतली आणि ‘पार्श्वभूमी’ला जोडली, वंश या अर्थाचा इंग्रजी शब्दही बदलून ‘स्पीशीज’ केला. कोणी म्हणालं, हे उगाच सोवळं आहे, खेळातल्या राक्षसांना काय जात असते? मला ते पटलं नाही. आपण ज्या समाजात वाढलो तिथे ‘ह्या घरात जन्मला म्हणजे असाच असणार’ हे वाक्य ऐकून माणसं मोडलेली आपण पाहिली आहेत. काल्पनिक जगात तरी ते वाक्य नको, असं वाटणाऱ्याला मी हसणार नाही.

आमच्या बैठकीत रावेरकडची एक मुलगी नव्याने आली. वडिलांची केळीची बाग, ती जळगावात विद्यापीठात एम.एस्सी. करते. तिला जादूगार व्हायचं होतं, आणि तिचं पात्र शेतात वाढलेलं असावं असंही तिला वाटत होतं: रात्री शेताला पाण्याची बारी धरताना तारे मोजत मंत्र शिकलेली मुलगी. नव्या पुस्तकात सोळा पार्श्वभूमी आहेत, त्यात ‘शेतकरी’ आहे. तिने उघडून वाचलं. शेतकऱ्याला वाढ मिळते ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतच. जादूगाराला लागते बुद्धी, ती मिळते ‘विद्वान’सारख्या पार्श्वभूमींत.

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं आणि विचारलं, “दादा, म्हणजे शेतकऱ्याची मुलगी दणकट होईल, शहाणी होईल, पण हुशार नाही होणार?”

कोणीतरी हिशेब काढला की गुणात २ ची वाढ म्हणजे फाशावर अधिक १, म्हणजे वीसदा टाकलं तर साधारण एकदा फरक पडणार. बरोबर आहे, पाच टक्के. पण ती पाच टक्क्यांबद्दल बोलत नव्हती. ती म्हणाली, “मी ज्या विद्यापीठात शिकते त्याला नाव एका शेतकरणीचं आहे. शाळेत गेलेली नव्हती ती.”

त्यावर कोणी काही बोललं नाही. नियम करणाऱ्यांनी जन्माचं जोखड काढलं होतं, हे खरं. पण ते ठेवलं धंद्यावर, आणि आपल्याकडे जन्म आणि धंदा किती शतकं एकाच दोरीला बांधलेले होते हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. लिहिणाऱ्यांच्या मनात तसं काही असेल असं मला वाटत नाही. सुरुवातीला निवड सोपी व्हावी म्हणून त्यांनी तीन-तीन गुणांच्या जोड्या लावल्या. २०२४ च्याच डीएमच्या पुस्तकात नवी पार्श्वभूमी बनवण्याची रीतही दिलेली आहे. आम्ही तीच वापरली. तिच्या वहीत लिहिलं आहे: ‘बागायतदाराची लेक. बुद्धी अधिक २, काटकपणा अधिक १.’

इतकं भांडून उपयोग काय, असं मला घरचे विचारतात. उपयोग होतो. २०२२ मध्ये या सुधारणेचे कच्चे नियम लोकांपुढे ठेवले गेले, तेव्हा त्यात फाशावर वीस पडल्यावरचा दुप्पट मार फक्त खेळाडूंच्या पात्रांना, राक्षसांना नाही, असा एक प्रस्ताव होता. जगभरच्या खेळाडूंनी तो खेळून पाहिला, नको म्हणून कळवलं, आणि अंतिम पुस्तकात तो आला नाही. राक्षसाचा वीस पडू शकतो या धाकाशिवाय दरवाजा उघडण्यात मजा नाही, हे त्यांना आणि आम्हाला एकाच वेळी कळलं.

आम्ही आता एक पद्धत धरली आहे. नवा नियम आधी तीन रविवार खेळायचा, मगच त्यावर बोलायचं. आणि बोलताना आधी सांगायचं की तक्रार कशाची आहे: शक्यता बदलली त्याची, वेळ जातो त्याची, सवय मोडली त्याची, की मनाला लागलं त्याची. पहिल्या दोन गोष्टी वहीत हिशेब करून सुटतात. तिसरी तीन रविवारांत बहुधा विरघळते. चौथीसाठी चहा ठेवावा लागतो.

अचानक हल्ल्याचा नियम अजून लटकलेला आहे. जुन्यात बेसावध सापडलेल्याची पहिली पाळी पूर्ण जायची. नव्यात तो फक्त क्रम ठरवायचा फासा दोनदा टाकून लहान आकडा धरतो; नशीब असेल तर तुमच्या आधी उठूनही बसेल. आमचा चोर म्हणतो, रात्रभर झुडपात दबून बसायचं कशाला मग? जादूगार म्हणते, आपल्यावर कोणी दबा धरला तेव्हा हाच नियम तुला गोड लागेल. दोघांचं खरं आहे. येत्या रविवारी घाटात दोन चकमकी ठेवल्या आहेत, एक जुन्या नियमाने, एक नव्याने. पहिल्या चकमकीत दबा ते धरणार आहेत आणि दुसरीत मी. भुसावळवाल्याला सुट्टी मिळाली आहे, आणि येताना तो आठ बाजूंचे आणखी पाच फासे घेऊन येतोय.